रक्ताचं पाणी

मासळी बाजारात बर्फ टाकणाऱ्याला नाक नसतं असं लोकांना वाटतं. नाक आहे मला, चांगलं मोठं आहे, आमच्या बापाने दिलेलं. पण वासाचं कसं असतं, रोज त्याच्यात उभा राहिलास की तो घरचा होतो. सासरच्या माणसांसारखा. असला तरी कळत नाही, नसला तरी चुकल्यासारखं वाटतं. त्यामुळे बाजाराला वास येतो हे मला कळलं ते समोरचा टॉवर झाल्यावर. तिथल्या लोकांनी खिडक्यांना काचा लावल्या आणि काचेमागून ओरडायला लागले.

मी इग्नेशियस. बोरीवलीच्या गावठाणातला, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचाच जुना ख्रिश्चन. टेम्पो आहे माझा, सकाळी बर्फाच्या लाद्या भरतो आणि बाजारात ओट्या-ओट्यावर टाकतो. त्या बाजारात शिरलं की पहिला ओटा सरूबाईचा. मनोरीची कोळीण. ओटा आधी तिच्या सासूचा, मग तिचा. जागा अशी की गिऱ्हाईक बाजारात पाय टाकायच्या आधी तिच्या सुरमईवर त्याची नजर पडणार. नवरा चंदू आधी होडीवर जायचा. गुडघे गेले तेव्हापासून ओट्यामागे स्टूल टाकून बसतो आणि बोलतो. कापायचं काम सरूबाईचं, बोलायचं काम चंदूचं.

तर टॉवरवाल्यांनी अर्ज केला आणि वॉर्डाचा साहेब आला. चांगला माणूस वाटला, आवाजबिवाज चढवला नाही. सांगून गेला की पावसाळ्यापर्यंत वास गेला तर ठीक, नाही तर सगळा बाजार मागच्या नव्या बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर.

"पहिल्या मजल्यावर?" सरूबाई बोलली. "मासळी घ्यायला जिना कोण चढतो रं? मासळी काय देवी हाय?"

साहेब हसला. पण लिहायचं ते लिहिलंच.

मग बायका लागल्या घासायला. ब्लीचिंग, साबण, फिनेल, कोणी लिंबं पिळली. मी स्वतः टेम्पो धुवायचा पाइप लावून दिला. घासलं त्या दिवशी बाजार हॉस्पिटलसारखा वास मारायचा. दोन दिवस गेले की पुन्हा तेच. सरूबाईचे हात सोलून निघाले, वास काही जाईना.

तेव्हा ती दिशा आली. गिऱ्हाईकच होती, मांदेली न्यायची. बारकी, चष्मेवाली, अंधेरीला एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत कामाला. त्या दिवशी मांदेली राहिली बाजूला, तिने ओट्याच्या दोन फरश्यांच्या फटीत बोट घातलं आणि सरूबाईसमोर धरलं.

"मावशी, ही बुळबुळ बघा. वास हिचा आहे. माशांचा नाही."

"बुळबुळ असणारच बाय. मासळी हाय, पापड नाय."

"माशाची बुळबुळ वेगळी. ही जंतूंची. जंतू असे सुटे नाही बसत. एकमेकांना धरून बसतात, स्वतःभोवती हा चिकटा तयार करतात आणि त्याच्यात राहतात. तुम्ही ब्लीचिंग टाकता, वरचे मरतात. आतले आरामात. दोन दिवसांत पुन्हा वाढतात."

"म्हणजे चाळ बांधलीय," चंदू बोलला.

"अगदी बरोबर, काका. चाळच."

"आमच्या ओट्यावर? आणि घराचा फोटोपास कोणाच्या नावावर?"

दिशा इतकी हसली की चष्मा पुसावा लागला. मग तिने सांगितलं, तिच्या कंपनीत एक मशीन बनवतात. हवेत वीज पाडायची, आभाळात पडते तशीच पण बारकी, आणि ती वीज पाण्यावर खेळवायची. ते पाणी मग वेगळं होतं. आंबट होतं आणि त्या चिकट्याच्या आत शिरतं. कंपनीला कुठेतरी वापरून बघायचंच होतं, बाजारात ठेवू म्हणाली.

"वीज खाल्लेलं पाणी," मी बोललो.

"हो. पण ताजं वापरायचं. भरून ठेवलंत तर त्याचा जोर जातो, साधं पाणी होतं. आणि मासळीवर नाही टाकायचं हां मावशी, फक्त ओटा, पाट, क्रेट आणि मोरी."

मशीन माझ्याच टेम्पोतून आणलं. तांदळाच्या पिंपाएवढं, पुढे काच. चालू केलं की आत जांभळा उजेड नाचायचा आणि तव्यावर बोंबील टाकल्यासारखा चर्र आवाज यायचा. पाण्याला वास कसला, तर झेरॉक्सच्या दुकानात येतो तसला. सरूबाईने पहिल्या दिवशी मशीनला हळदकुंकू लावलं. काचेवर लावलं म्हणून दिशाने गुपचूप पुसलं आणि बाजूच्या पत्र्यावर लावून दिलं. पोरगी चांगली होती.

थोडे दिवस काही कळलं नाही. मग एक दिवस सकाळी मी लादी ठेवली आणि ती सर्रकन सरकली नाही. ओटा खरखरीत झाला होता. सरूबाईने बोट फिरवलं तर घासलेल्या भांड्यासारखा आवाज आला.

"इग्न्या," ती बोलली, "माझ्या सासूच्या वेळेपासून ह्या ओट्याचा हा रंग मी बघितला नाय गो." मला कधी कधी ती गो म्हणते. बाया-बायांत राहून सवय लागलीय.

वास गेला. म्हणजे मासळीचा वास राहिला, समुद्राचा, तो कुठे जाणार. पण तो दुसरा, नाकात बसून राहणारा, तो गेला. बाजारातली मांजरं गोंधळली. मोरीपाशी जायची, हुंगायची आणि माझ्याकडे बघायची, जसं काही मीच नेला कुठेतरी.

इथपर्यंत झकास चाललं होतं. मग चंदूला बोर्ड लावायची हुक्की आली.

कोणाला विचारलं नाही, सांगितलं नाही. रंगवाल्याला गाठून पत्रा रंगवून घेतला. निळ्यावर पिवळी अक्षरं, बाजूला पापलेट. 'आमच्या येथे ओटे प्लाझ्माच्या पाण्याने धुतले जातात.' प्लाझ्मा हा शब्द मशीनवर लिहिलेला होता. दिशा पण बोलायची अधूनमधून. चंदूला तो शब्द फार आवडला. त्याला वाटलं, ओळखीचा आहे.

मी लादी फोडत होतो तेव्हाची गोष्ट आहे, माझ्या समोरची. विनिता मॅडम आल्या, शाळेत शिकवतात, सरूबाईचं जुनं गिऱ्हाईक. पापलेट उचललं, कल्ला उघडून बघितला आणि मग वर बोर्डाकडे नजर गेली.

"प्लाझ्मा? म्हणजे तो कोविडमध्ये द्यायचे तो?"

"तोच!" चंदू स्टुलावर ताठ झाला. "तोच तो. आमच्या कृणालने दिलेला ना त्या वेळी, भावाच्या मुलाने. मेलेली माणसं उठून बसली मॅडम! मग ओट्यावरचे जंतू काय चीज आहेत?"

मॅडमनी पापलेट खाली ठेवलं. तापलेलं भांडं ठेवतात तसं ठेवलं आणि साडीला बोटं पुसली. "आज गुरुवार आहे ना," म्हणाल्या आणि गेल्या.

त्या दिवशी बुधवार होता.

आता चंदूला दोष देऊन काय? कोविडमध्ये सगळ्या मुंबईने तो शब्द एकदाच ऐकला आणि एकच अर्थ लावला. रक्त काढायचं, त्याच्यातलं पिवळं पाणी काढायचं, दुसऱ्याला चढवायचं. त्याला वाटलं, कंपनीवाल्यांनी तेच भारी पाणी मशीनमध्ये भरलंय. दिशा वीज-वीज बोलत होती तेव्हा ह्याचं लक्ष जांभळ्या उजेडाकडे.

गिऱ्हाईक पातळ व्हायला लागलं तेव्हा सरूबाईला वास लागला.

"काय बोललास तू मॅडमला?"

"चांगलंच बोललो."

"काय चांगलं?"

त्याने सांगितलं. तिने कोयता हातात घेतला. मला वाटलं, आज चंदूचं काही खरं नाही.

"चंद्या," ती बोलली, "तुझे गुडघे गेले तेव्हा तोंड का नाय गेलं रं?"

बोर्ड उतरवला. पण तोवर शब्द टॉवर चढून गेला होता, लिफ्टने. हॉस्पिटलात उरलेलं रक्त म्हणे रात्री टेम्पोने येतं आणि त्याने मासळी धुतात, म्हणून ती अशी लालभडक दिसते. टेम्पो म्हणजे माझा. माझ्या पुढ्यात एक बाई दुसरीला सांगत होती, मी लादी खांद्यावर घेऊन उभा.

पावसाळ्याआधी साहेब पुन्हा आला, वास बघायला. बायकांनी सकाळपासून सगळं धुतलं होतं, ताज्या पाण्याने. साहेब मोरीपाशी वाकला. ओट्यापाशी वाकला. नाक आत ओढलं, पुन्हा ओढलं. मग सरळ उभा राहून म्हणाला, "नाही बुवा. कमाल आहे."

सरूबाईने पदराने तोंड पुसलं. मी मनात म्हटलं, सुटली बाई, ओटा वाचला.

साहेबाबरोबर टॉवरचे सेक्रेटरी आले होते, श्यामकांत. बँकेतून रिटायर झालेले, आपला मराठी माणूस. सरूबाईकडून बोंबील न्यायचे, आणि कसे, तर "काटा काढून, चेपून दे हां, आमच्या हिला जमत नाही" असं सांगून. हातात मोबाइल धरलेला, आडवा.

"साहेब, वासाचं राहू द्या," ते म्हणाले. "वास मारायला हे काय वापरतात ते विचारा."

"काय वापरता हो?"

"पाणी," सरूबाई बोलली.

"कसलं पाणी?"

"विजेचं."

"विजेचं कसलं!" श्यामकांत पुढे आले. "बोर्ड होता साहेब, माझ्याकडे फोटो आहे. प्लाझ्मा! सरळ सांग ना सरूबाई सगळ्यांसमोर. हे रक्ताचं पाणी आहे की नाही?"

आता ती बाई काळोखात उठून लाँचने खाडीपलीकडून येते, लिलावात भांडते, पाटी वाहते, दिवसभर उभी राहते. आणि ज्याला रोज बोंबील चेपून दिले तो असं विचारतो. तिचा आवाज बाजाराच्या पत्र्यावर आपटला.

"हाय! रक्ताचंच पाणी हाय! माझ्या रक्ताचं! सासूने केलं, मी केलं, ह्या ओट्यावर उभं राहून रक्ताचं पाणी केलं तवा माझी पोरं मोठी झाली! जा, घे लिहून!"

अख्खा बाजार टाळ्या वाजवायला लागला. कोणीतरी शिट्टी मारली. साहेबसुद्धा हसला. मी पण लादीवर बर्फ फोडायचा टोचा आपटला दोनदा. असं उत्तर आमच्या बाजारात कोणी दिलं नव्हतं. साहेब मात्र सही न करताच गेला, पावसात पुन्हा येऊन बघतो म्हणून.

संध्याकाळी घरी गेलो तर माझी बायको ब्रिजेट मोबाइल घेऊन दारात उभी. तिच्या चर्चच्या बायकांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला होता.

"इग्नेस, ह्या बाईकडे तू बर्फ टाकतोस?"

व्हिडिओ बघितला. श्यामकांत विचारतात, "हे रक्ताचं पाणी आहे की नाही?" सरूबाई ओरडते, "हाय! रक्ताचंच पाणी हाय!" खल्लास. तिथेच कापला. 'माझ्या' हा शब्द येतो तिच्या पुढच्या श्वासाला, तो श्वासच कापून टाकला. खाली हिंदीत लिहिलेलं, 'हाँ, खून का ही पानी है.' हिंदीत त्याचा अर्थ तेवढाच होतो. तिची सगळी मेहनत गाळून गेली, रक्त तेवढं राहिलं.

मी दुसऱ्या दिवशी टॉवरच्या गेटवर गेलो. श्यामकांत दूध घेऊन येत होते.

"काका, तुम्हाला मराठी येतं ना?"

"म्हणजे काय?"

"मग रक्ताचं पाणी करणं म्हणजे काय ते माहीत आहे ना तुम्हाला?"

"हे बघ, मी एक शब्द बदललेला नाही. ती जे बोलली तेच टाकलं."

"अर्धं टाकलं."

"अर्थ लोकांनी लावला, मी नाही." मग जरा आवाज उतरवून म्हणाले, "माझी सून बाळाला गॅलरीत आणत नाही रे. तीन वर्षं मी ह्या वासाचं ऐकतोय घरात."

"पण वास तर गेला ना, काका! काल साहेबाने तुमच्यासमोर सांगितलं!"

"आज गेला. उद्या आला तर मी काय परत अर्ज करत बसू?"

ह्या माणसाला वास जायला नको होता, बाजार जायला हवा होता. दुधाची पिशवी सांभाळत आत गेले. वॉचमनने मला हात केला, चला म्हणून.

दिशा बिचारी धावत आली. टॉवरच्या खाली टेबल लावलं, चार्ट लावला, मशीनमधलं पाणी एका बरणीत आणलं आणि सगळ्यांसमोर त्याच्यात हात बुडवून दाखवला. समजावलं पण छान. वीज म्हणजे काय, जंतूंची चाळ म्हणजे काय, रक्ताचा एक थेंब नाही. लोकं ऐकत होती. माना हलायला लागल्या होत्या. मला वाटलं, पोरगी मारून नेणार.

मग एका आजींनी विचारलं, "अगं, मग नाव तेच कसं दोन्हींना?"

दुसरा कोणी असता तर बोलला असता, असंच, योगायोग. पण ही शिकलेली आणि वर खरं बोलणारी. म्हणाली, "आजी, शंभरेक वर्षांपूर्वी ज्या शास्त्रज्ञाने ह्या विजेच्या खेळाला हे नाव दिलं, त्याला तो बघून रक्तातल्या प्लाझ्माची आठवण झाली होती म्हणतात."

"म्हणजे संबंध आहे!" मागून आवाज आला.

"नाही, संबंध म्हणजे फक्त नावाचा..."

"आत्ता तर आहे बोललात!"

संपलं. नंतर ती काय बोलली ते कोणी ऐकलं नाही. ती चार्ट गुंडाळायला लागली. मी टेबल उचललं. "काका, मी चुकीचं काय बोलले?" तिने विचारलं. "काही नाही बाय," म्हटलं, "तू खरं बोललीस. टॉवरखाली बोललीस, एवढंच."

कंपनीच्या मालकाने व्हिडिओ बघितला आणि त्याला धडकी भरली. नाव खराब होईल, दुसरे कोणी मशीन घेणार नाहीत. ठीक आहे, त्याचं पण पोट आहे. मशीन माझ्याच टेम्पोतून परत गेलं. पत्र्यावर हळदकुंकू तसंच होतं.

पुढची गोष्ट सांगताना मला अजून चीड येते. मशीन गेलं आणि गिऱ्हाईक परत आलं. हो, आलं! हळूहळू फटीत बुळबुळ भरली, वास उठला, आणि लोकं नाकाला रुमाल लावून म्हणायला लागली, "आता कसं बाजारासारखं वाटतंय." विनिता मॅडमसुद्धा आल्या. पापलेटचा कल्ला उघडला, खूश झाल्या. "ते बंद केलंत ते बरं केलंत हो," म्हणाल्या. सरूबाईने मासळी कापून पिशवीत घातली, वर दोन कोलंब्या टाकल्या. चंदू गप्प. बोर्डाच्या दिवसापासून तो गिऱ्हाइकाशी बोललाच नव्हता. त्याचं तोंड गेलं होतं, सरूबाईने मागितलं तसं, आणि त्याचा तिलाच जास्त त्रास होत होता.

पावसात साहेब आला. मोरीपाशी वाकला आणि ह्या वेळी पटकन उठला.

"बाई, मी तर तेव्हा पास केलं असतं तुम्हाला."

"मग आता करा की. मशीन परत आणवते."

"ते रक्ताचं?" साहेब इकडेतिकडे बघून बोलला. "नको हो. मला माहीत आहे तसलं काही नाही. पण ते मी पास केलं तर उद्या माझा व्हिडिओ येईल."

"मग मी काय करू साहेब? मशीन लावलं तर रक्त, नाय लावलं तर वास?"

साहेब मान खाली घालून लिहीत राहिला. चांगला माणूस होता म्हटलं ना मी. ह्या सगळ्यात वाईट माणूस शोधायला गेलो तर एक श्यामकांत सापडतो, आणि त्याला पण नातू आहे.

वॉर्डाची माणसं ओटे तोडायला आली तेव्हा सरूबाई मनोरीहून आलीच नाही. कोयता आणि पाट मी घेऊन ठेवला.

आता सगळे वर बसतात, नव्या बिल्डिंगमध्ये, पहिल्या मजल्यावर. पांढऱ्या टाइल्स, ट्यूबलाइटा, लिफ्ट आहे, ती चालत नाही. चिठ्ठ्या टाकून जागा वाटल्या. सरूबाईला आली ती पार टोकाची, संडासाच्या बाजूची. वर वास नाही. वास यायला मासळी विकली जायला हवी, कापली जायला हवी, पाणी वाहायला हवं. मी गोणपाट खांद्यावर टाकून लादी वर चढवतो, निम्मी जिन्यावरच वितळते. चंदूला जिना चढता येत नाही. तो खाली रस्त्यावर स्टूल टाकून बसतो आणि ओरडतो, "ताजी मासळी वरती! सुरमई, हलवा, वरती!" तोंड परत आलं त्याचं. लोकं ऐकतात, वर बघतात आणि पुढे जातात.

परवा मी लादी ठेवली तर सरूबाईने क्रेट उघडलासुद्धा नाही.

"इग्न्या, उद्यापासून अर्धीच टाक."

"अर्ध्याने काय होतंय? मासळी खराब होईल तुझी."

"आणली तर होईल ना."

खालून आवाज आला, "सुरमई! वरती!" त्या दिवशी तिच्याकडे सुरमई नव्हती. थोडे बांगडे होते.

"मी सांगू का त्याला खाली जाऊन?" मी विचारलं.

"नको," ती बोलली. "वरडू दे."